फ्लेवरच्या आड चॉकलेट कसं आहे? ऑरगॅनिक डार्क बार पारखण्याची रीत, इंदूरच्या हवेत

संत्रं, मिरची, समुद्री मीठ, कॉफी, वेलची, गुलाब. ऑरगॅनिक डार्क चॉकलेटच्या रॅपरवर यातलं काहीतरी हल्ली हमखास असतं. नव्याने चाखायला बसलेला माणूस इथेच फसतो. संत्र्याचा वास छान आला की बार छान, असं तो ठरवून मोकळा होतो. फ्लेवर उत्तम आणि चॉकलेट सुमार असे बार बाजारात भरपूर आहेत, कारण करपलेल्या किंवा नीट न आंबवलेल्या कोको बिया झाकायला कॉफी आणि पेपरमिंटइतकं सोयीचं काही नाही. म्हणून पुढची सगळी रीत एकाच प्रश्नाभोवती आहे: फ्लेवर बाजूला सारला तर तोंडात काय उरतं?

काय आणायचं

एका बैठकीला तीन बार पुरेत, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. तीनपैकी एक बार बिनफ्लेवरचा हवाच, आणि तो शक्यतो त्याच कंपनीचा, तेवढ्याच टक्क्यांचा. उदाहरणार्थ, ७०% साधा, ७०% संत्रं आणि ७०% मीठ. साधा बार हाताशी नसेल तर फ्लेवरने काय भर घातली आणि काय दडवलं, हे सांगायला काही आधारच राहत नाही. दुकानदार "तो कुणी घेत नाही" म्हणेल, तरी मागवून घ्या.

पहिल्यांदा ६५ ते ७२ टक्क्यांच्या दरम्यान राहा. ५५% मध्ये साखर इतकी असते की कोकोचे बारकावे बुडतात, आणि ८५% ला नवख्या जिभेला कडूपणाखेरीज काही लागत नाही. फ्लेवर संत्र्याचा किंवा मिठाचा घ्या. मिरची आणि मिंट दुसऱ्या बैठकीला.

शिवाय पांढऱ्या बशा, कोमट पाणी, अळणी पोळीचे तुकडे किंवा सफरचंदाच्या फोडी, कागद-पेन आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. पाणी कोमटच हवं. गार पाण्याने जिभेवरचं कोको बटर, म्हणजे कोकोची चरबी, थिजतं आणि पुढच्या तुकड्याची चव त्याच्याखाली अडकते.

रॅपर आधी वाचा

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. डार्क बारमध्ये पहिलं नाव कोको मास (वाटलेल्या कोको बिया) किंवा कोको बीन्स असायला हवं. पहिलं नाव साखर असेल तर पुढचे मोठे शब्द वाचण्यात अर्थ नाही. ७०% म्हणजे कोको मास, कोको बटर आणि असल्यास कोको पावडर मिळून ७०%. उरलेल्या ३०% मध्ये बहुतेक साखर, आणि थोडा फ्लेवर. त्यामुळे दोन ७०% बार अगदी निराळे लागू शकतात. एकात बटर जास्त घातलेलं असतं, तो गुळगुळीत आणि सौम्य लागतो. दुसऱ्यात नुसता मास असतो, तो दाट आणि तुरट. टक्का हा गुणवत्तेचा आकडा नाही.

कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी किंवा पाम तेलाचा प्रकार दिसला तर तो कंपाउंड, म्हणजे चॉकलेटची स्वस्त नक्कल. पारखायला घेऊच नका. आयएनएस हे खाद्यपदार्थांतल्या पूरक घटकांचे क्रमांक. आयएनएस ३२२ म्हणजे मिश्रण एकजीव ठेवणारं लेसिथिन, सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं. त्याने काही बिघडत नाही. आयएनएस ४७६ हे मात्र कोको बटरमध्ये काटकसर करून चॉकलेट पातळ ठेवायचं साधन आहे, चांगल्या बारमध्ये त्याची गरज पडत नाही. कोको पावडरसोबत अल्कलीचा (आंबटपणा मारणाऱ्या क्षाराचा) उल्लेख असेल तर रंग गडद आणि आंबटपणा कमी झालेला असणार, आणि आंबटपणाबरोबर फळांसारख्या चवीही गेलेल्या असणार.

फ्लेवरची ओळ सर्वात जास्त बोलते. "ऑरेंज ऑइल", "वेलची", "भाजलेली कॉफी" असं नाव घेऊन लिहिलेलं असेल तर उत्तम. नुसतं "नॅचरल फ्लेवर" असेल तर नेमकं काय घातलं ते कळत नाही. "आर्टिफिशियल" किंवा "नेचर आयडेंटिकल" दिसलं आणि वर ऑरगॅनिकचा शिक्काही असला, तर शिक्का पुन्हा एकदा नीट बघा.

भारतात विकल्या जाणाऱ्या मालावर तीन खुणा ओळखायच्या: अन्नसुरक्षेची सरकारी संस्था एफएसएसएआयचं "जैविक भारत", एनपीओपी या ऑरगॅनिक उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं "इंडिया ऑरगॅनिक" आणि शेतकरी गटांच्या परस्पर तपासणीवर चालणारं "पीजीएस-इंडिया". परदेशी बारवर अमेरिकेचा "यूएसडीए ऑरगॅनिक" किंवा युरोपचं हिरवं पान असतं. अनेक घटकांच्या पदार्थावर थेट ऑरगॅनिक लिहायचं तर पाणी आणि मीठ वगळून किमान ९५% घटक प्रमाणित असावे लागतात. मीठ खनिज असल्याने ते ऑरगॅनिक नसतंच. घटकांच्या यादीतल्या तारांकित नावांपुढे समुद्री मीठ एकटं बिनताऱ्याचं दिसलं तर ती लबाडी नव्हे.

आणि हे सुरुवातीलाच पक्कं करा: ऑरगॅनिक हा शेतीचा आणि प्रक्रियेचा दाखला आहे, चवीचा नाही. बिया नीट आंबवल्या का, किती भाजल्या, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मातीतून येणाऱ्या कॅडमियम या विषारी धातूबद्दलही नाही. त्यासाठी युरोपने वेगळी मर्यादा घातली आहे: ५०% किंवा त्याहून जास्त कोको असलेल्या चॉकलेटमध्ये किलोमागे ०.८० मिलिग्रॅम, २०१९ पासून. गुण देताना शिक्क्याला शून्य गुण. शिक्क्याचा चवीवर दिसणारा परिणाम एवढाच, की ऑरगॅनिक साखर पुष्कळदा कमी शुद्ध केलेली असते, म्हणून मागे काकवीसारखी हलकी छटा लागू शकते. तो दोष धरू नका. गूळ किंवा नारळाची साखर असेल तर ही छटा ठळक असते आणि हवेतला ओलावा ओढल्याने पोतही कधी कधी बिघडतो.

शेवटी तारीख. साधा डार्क बार वर्षभर सहज टिकतो. बदाम, हेझलनट, खोबरं असलेला बार सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर खवट लागण्याची शक्यता धरूनच घ्या. रॅपरवर बियांचा गाव दिला असेल तर टिपून ठेवा. इडुक्की, अनामलाई, गोदावरीचा पट्टा ही आपल्याकडची मुख्य नावं, आणि दक्षिणेतल्या बियांच्या चॉकलेटमध्ये फळासारखा आंबटपणा अनेकदा भेटतो.

उन्हाळा, पावसाळा आणि फ्रिज

नीट टेम्परिंग केलेल्या (ठरावीक तापमानांना गरम-गार करून घट्ट स्फटिक बसवलेल्या) चॉकलेटमधलं कोको बटर सुमारे ३३-३४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि २८ च्या पुढेच मऊ पडायला लागतं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. कुरिअरच्या गाडीत बार एकदा वितळून रात्री पुन्हा गोठला, की कारखान्यात घडवलेली स्फटिकांची रचना मोडली. मग पृष्ठभागावर राखाडी-पांढरी झाक येते, चकाकी जाते, तुकडा मोडायच्या ऐवजी भुसभुशीत सुटतो. यात करणाऱ्याचा दोष नसतो. म्हणून बाहेरून मागवायचे बार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. माळव्याच्या थंडीत घरातली खोली आपसूक २० अंशांच्या आसपास असते, आणि चाखायला याहून चांगलं तापमान नाही.

झाक दोन प्रकारची असते आणि ओळखायला सोपी. बोट दहा सेकंद टेकवा. झाक विरघळून बोटाखाली तुळतुळीत झालं तर ती चरबीची, म्हणजे उष्णतेची. खरखर तशीच राहिली तर ती साखरेची, म्हणजे ओलाव्याची: चॉकलेटवर दव जमलं, साखर त्यात विरघळली आणि पाणी उडाल्यावर वर दाणे उरले. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेला बार लगेच उघडला की हेच होतं.

फ्रिज टाळता आला तर उत्तम. उन्हाळ्यात टाळता येत नाही. अशा वेळी बार मूळ फॉइलमध्ये, त्यावर घट्ट झिपची पिशवी, त्यावर झाकणाचा डबा, आणि डबा भाज्यांच्या कप्प्यात. चाखायच्या आदल्या रात्री डबा बाहेर काढून गार खोलीत ठेवा आणि सकाळपर्यंत उघडू नका. दव डब्यावर जमेल, चॉकलेटवर नाही. शेजारी कापलेला कांदा किंवा हिंगाची डबी ठेवू नका. कोको बटर वास शोषून घेतं आणि परत देत नाही.

वेळ आणि तोंड

इंदुरी सकाळ पोह्यांशिवाय होत नाही, आणि पोह्यांवर शेव, कांदा आणि जिरावन हा मसाला. जिरावनातलं हिंग आणि काळं मीठ जिभेवर बराच वेळ रेंगाळतं. म्हणून नाश्त्यानंतर किमान दोन तास जाऊ द्या. अकराच्या सुमाराची वेळ चांगली: भूक थोडी जागी, जीभ स्वच्छ. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाऊन आल्यावर चॉकलेट जरूर खा, पण गुण देऊ नका.

दात घासल्यावर तासभर थांबा, पेस्टमुळे गोडी दबते आणि कडूपणा चढतो. कॉफी, बडीशेप, पान, तंबाखू आधी नको. अत्तर नको, उदबत्ती नको. सर्दी असेल तर बैठक पुढे ढकला. चॉकलेटचा बहुतेक भाग नाकानेच कळतो.

जीभ घडवायची असेल तर आदल्या दिवशी एक छोटा सराव करा. बिनसाखरेची कॉफी, खूप उकळलेला कोरा चहा, लिंबाचं पाणी आणि पाण्यात घातलेला थेंबभर व्हिनेगर हे ओळीने चाखा. कडू आणि तुरट यांची नवखे सतत गल्लत करतात. कडू जिभेवर चव म्हणून लागतं. तुरटपणा गालांच्या आत आणि हिरड्यांवर कोरड पडल्यासारखा जाणवतो, आवळा चावल्यावर होतं तसा. चॉकलेटमध्ये दोन्ही असतात आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. लिंबासारखा आणि व्हिनेगरसारखा आंबटपणाही वेगळा: पहिला गुण, दुसरा दोष.

पाहणं आणि मोडणं

बार उघडल्यावर आधी बघा. वरची बाजू एकसारखी चकाकती हवी. बारीक खड्डे म्हणजे साच्यात हवा अडकली. त्याने चव बिघडत नाही, हात घाईचा होता एवढंच कळतं. रंगावरून काही ठरवू नका. चांगलं डार्क चॉकलेट अनेकदा तांबूस-तपकिरी असतं आणि काळंकुट्ट दिसणारं बहुधा अल्कलीचं किंवा जास्त भाजलेलं.

मग कानाजवळ धरून मोडा. २० ते २२ अंशांना "टक्" असा कोरडा आवाज यावा आणि कड सरळ निघावी. वाकून तुटला, कड चुरगळली, तर टेम्परिंग बिघडलेलं आहे, किंवा फ्लेवरसाठी तेल जास्त पडलं आहे. संत्रं, पुदिना यांची तेलं कोको बटरला मऊ करतात. त्यामुळे त्याच कंपनीचा साधा बार टणक मोडतो आणि संत्र्याचा नरम, असं झालं तर कारण कुठे शोधायचं ते कळलं. खोली २८ अंशांवर असेल तर मात्र हा निकष सोडून द्या.

मोडलेल्या कडेकडे पाहा. सुकामेवा असेल तर तो सगळीकडे आहे की एकाच कोपऱ्यात? दाण्याभोवती फिकट वलय दिसलं तर दाण्यातलं तेल चॉकलेटमध्ये झिरपायला लागलं आहे.

वास

आधी साध्या बारचा. ताजी मोडलेली कड नाकाखाली धरा, ओंजळीने झाका, दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब श्वास एकदाच घेतला तर नाक थकतं. मनात येईल ते लगेच लिहा: मनुका, भाजलेले शेंगदाणे, ताक, ओली माती, मध, लाकूड, काहीही चालेल. परदेशी यादीतल्या चेरी आणि रास्पबेरी शोधत बसण्यापेक्षा करवंद, चिंच, जांभूळ लिहा. ती चव तुमच्या जिभेला माहीत आहे.

मग फ्लेवरचा बार. इथे एकच गोष्ट तपासा: फ्लेवरच्या मागे साध्या बारचा वास सापडतो का? रॅपर उघडताच खोलीभर संत्रं दरवळलं आणि नाकाखाली धरल्यावरही संत्रंच, तर सावध व्हा.

तोंडात

दर वेळी ५-६ ग्रॅमचा तुकडा घ्या, म्हणजे ५० ग्रॅमच्या दहा चौकोनी बारमधला एक चौकोन. याहून लहान घेतला तर चव पूर्ण उलगडायच्या आत संपतो. प्रत्येक बारचे दोन तुकडे, दोन वेगळ्या कामांसाठी.

पहिला तुकडा नाक चिमटीत धरून तोंडात ठेवा. दोनदा चावा, मग जीभ टाळूला लावून वितळू द्या. आता फक्त गोड, आंबट, कडू, खारट आणि तुरट-तिखटाची जाणीव होईल. पंधरा सेकंदांनी नाक सोडा. एकदम जे उमलतं तो वास, आणि फ्लेवरचा जवळजवळ सगळा भाग त्यातच असतो. नाक बंद असताना साधा बार आणि संत्र्याचा बार सारखेच लागले पाहिजेत. संत्र्याचा जास्त गोड लागला तर साखर वाढवली आहे, आंबट लागला तर बहुधा सायट्रिक ॲसिड किंवा फळाची पूड आहे. रॅपर पुन्हा बघा.

दुसरा तुकडा नाक मोकळं ठेवून. दोन-तीनदा चावून थांबा, तोंड मिटून नाकाने हळू श्वास सोडत राहा आणि घड्याळ बघत चार वेळा नोंद करा: १० सेकंदांना, ३० ला, ६० ला, आणि गिळून झाल्यावर दोन मिनिटांनी. चघळून संपवणाऱ्याला यातली फक्त पहिली नोंद मिळते.

पोत याच वेळी कळतो. चांगलं चॉकलेट जिभेवर एकसंध वितळतं. कण साधारण २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतील तर जिभेला कळत नाहीत, ३० च्या पुढे गेले की रेती लागते. छोटे कारागीर पुष्कळदा दाक्षिणात्य वेट ग्राइंडरसारख्या दगडी यंत्रात दोन-तीन दिवस वाटतात. वाटण कमी झालं की कणी राहते. मेणचट थर टाळूला चिकटून राहिला तर कोको बटरव्यतिरिक्त चरबी आहे किंवा बार जुना आहे. चिकट, लगदा झाल्यासारखं लागलं तर ओलावा शिरला आहे.

दोन बारच्या मध्ये कोमट पाणी, पोळीचा तुकडा, पुन्हा पाणी आणि तीन-चार मिनिटांची विश्रांती. क्रम: साधा, मग मीठ किंवा सुकामेवा, मग फुलं आणि फळं, मग कॉफी आणि मसाले, अगदी शेवटी मिरची किंवा मिंट. मिंटमधल्या मेन्थॉलने तोंड गार पडतं आणि त्यानंतर चाखलेल्या कशालाही न्याय मिळत नाही.

फ्लेवरनुसार काय पाहायचं

संत्र्याचा वास रसापेक्षा सालीच्या तेलात जास्त असतो. हिवाळ्यात आगर-माळव्याची संत्री बाजारात आली की एकाची साल नाकाजवळ चिमटा, उडालेला तुषार हुंगा आणि मग बार हुंगा. बारमध्ये तोच हिरवट, किंचित कडसर ताजेपणा हवा. शाळेतल्या नारिंगी गोळीची आठवण झाली तर इसेन्स आहे. टर्पेंटाइनसारखा उग्र वास आला तर तेल हवेने खराब झालेलं आहे, बार कितीही महाग असो. आंबटसर फळांच्या चवीच्या चॉकलेटशी संत्रं छान जमतं. फार भाजलेल्या चॉकलेटवर ते तरंगत राहतं.

मीठ सर्वात लबाड. ते कडूपणा दाबतं आणि गोडी वर काढतं, त्यामुळे मध्यम चॉकलेटही चांगलं वाटतं. मीठ चरबीत विरघळत नाही, खडे तसेच राहतात. म्हणून बारच्या दोन टोकांचा आणि मधला, असे तीन तुकडे चाखा. एकीकडे अळणी आणि दुसरीकडे खारट निघालं तर सरळ गुण कापा. जमलेल्या बारमध्ये मीठ दोन-तीन ठिकाणी क्षणभर चमकून जातं आणि मग चॉकलेट पुढे येतं. पावसाळ्यात खड्यांभोवती ओले ठिपके दिसतात, तो साठवणीचा प्रश्न.

मिरचीचा जाळ चरबीत विरघळणारा असतो, त्यामुळे चॉकलेट वितळेल तसा तो मोकळा होतो. उशिरा येणं हे त्याचं लक्षणच आहे. आधी मिरचीचा वास, लाल मिरचीचा तो किंचित फळासारखा, धुरकट वास, आणि मग तिखट, असा क्रम हवा. वासच नाही आणि घशात नुसता ठसका बसला तर तिखट आहे, फ्लेवर नाही. पाण्याने जाळ जात नाही, दुधाचा घोट घ्या. शेवेवर वाढलेल्या जिभेला हे बार बहुधा मिळमिळीत वाटतात. तिखट किती यावर गुण देऊ नका, कोको ऐकू येतो का यावर द्या.

कॉफीची चव आणि भाजलेल्या कोकोची चव एकमेकांत मिसळून जाते. करपलेपणा कुठून आला ते सांगता येत नाही, म्हणून इथे साध्या बारशी तुलना सक्तीची. वेलची आणि केशर यांची अडचण वेगळीच. इंदूरच्या दुधाळ शिकंजीची आणि मिठाईची सवय असलेल्या जिभेला वेलची लागली की गोडी आहे त्याहून जास्त भासते. नाक बंद करून घेतलेली नोंद इथे उपयोगी पडते. गुलाब थोडा जास्त झाला की साबण. वर चिकटवलेल्या वाळक्या पाकळ्या फोटोसाठी असतात आणि तोंडात काडीकचऱ्यासारख्या येतात.

बदाम-हेझलनट कुरकुरीत हवेत. सियागंजच्या बाजारातून ताजे बदाम आणून तव्यावर हलके भाजून शेजारी ठेवा, बारमधला बदाम जुना आहे का ते लगेच कळेल. खोबरं बिघडलं की साबणासारखं लागतं. वाळवलेली फळं कुरकुरीत न राहता चिवट झाली असतील तर ओलावा शिरला आहे.

दोष कुठून येतात

साध्या बारमध्ये सापडलेला दोष बहुधा बियांपासून चालत आलेला असतो. कोकोच्या बिया फळातून काढल्यावर साधारण पाच ते सात दिवस आंबवतात, मग सुमारे ७% ओलाव्यापर्यंत वाळवतात. आंबवणं कमी पडलं की कच्च्या शेंगदाण्यासारखी, गवतासारखी चव आणि तोंड आवळणारा तुरटपणा येतो. जास्त झालं की कुबट, जुन्या चीजसारखा वास. पावसात उन्हाऐवजी लाकडाच्या धुरावर वाळवल्या तर धुराचा वास शेवटपर्यंत जात नाही. वाळवण अर्धवट राहिलं तर बुरशी, ओल्या पोत्याचा वास. व्हिनेगरचा झोंबरा वास म्हणजे आंबवताना तयार झालेलं ॲसिड वाळवण्यात आणि घोटण्यात पुरेसं उडालं नाही. राखेसारखी कडवट शेपूट म्हणजे भाजणी चढली. पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बार जुना.

आता फ्लेवरच्या बारकडे परत या. साध्या बारमधला धूर मिरचीच्या बारमध्ये "स्मोकी" म्हणून खपतो, राख कॉफीत, कच्चा तुरटपणा मिठात. रॅपरवरची वर्णनं वाचताना हे लक्षात ठेवा.

गुण द्यायची पद्धत

शंभरपैकी: दिसणं आणि मोडणं १०, वास १५, पोत १५, कोकोची चव २५, फ्लेवर आणि त्याचा मेळ २५, शेवट (गिळल्यावर मागे राहणारी चव) १०. एक अट घाला: कोकोच्या चवीला २५ पैकी १२ पेक्षा कमी मिळाले तर एकूण गुण ६० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, मग फ्लेवर कितीही सुंदर असो.

समजा एका संत्र्याच्या बारची नोंद अशी आहे: १० सेकंदांना संत्र्याची साल, ३० ला संत्रं आणि मनुका, ६० ला भाजलेला कोको, थोडं आंबट, दोन मिनिटांनी कोको आणि पुसटसं संत्रं. मेळाला २५ पैकी २२ द्यायला हरकत नाही. दुसऱ्याची: १० ला संत्रं, ३० ला संत्रं आणि गोड, ६० ला गोड, दोन मिनिटांनी नुसतं संत्रं. चॉकलेट कुठेच आलं नाही. मेळाला १० पुरेत, आणि कोकोला किती द्यायचे ते साध्या बारच्या नोंदीवरून ठरवा.

चार-पाच जण बसणार असाल तर एकाने आत जाऊन बार मोडावेत आणि बशांवर ४१७, २८३ असे तीन आकडी क्रमांक टाकावेत. १-२-३ लिहिलं तर लोक नकळत पहिल्याला वरचढ मानतात. सगळ्यांनी लिहून संपवेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने "अहाहा, केशर!" म्हटलं की बाकीच्यांनाही केशर लागतं, नसलेलंसुद्धा. दोघांच्या गुणांत १५ पेक्षा जास्त फरक असेल तर सरासरी काढू नका, तोच बार पुन्हा चाखा.

तीन बारांचे दोन-दोन तुकडे म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास चॉकलेट होतं, मिठाच्या बारचा जादा तुकडा धरला तर ४० पर्यंत. ७०% च्या वर कोको असलेल्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅमला साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं. झोप नाजूक असेल तर संध्याकाळची बैठक नको. घरात कुत्रा असेल तर बशा उंचावर ठेवा. कोकोमधलं थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी आहे.

उरलेले बार फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून प्रत्येकी वेगळ्या पिशवीत ठेवा. मिंटचा बार साध्यासोबत एकाच डब्यात गेला तर काही दिवसांत साधाही मिंटचा होतो आणि पुढच्या बैठकीला तुलनेचा आधार जातो. कमी गुणांचा बार गरम दुधात विरघळवून संपवता येतो. खवट आणि बुरशीचा मात्र टाकून द्या.